भांडारकरमधलं काश्मिरी भूर्जपत्र: १८७५ च्या पोथी-खरेदीचं एक प्रकरण

पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्या २००७ मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड रजिस्टरमध्ये गेल्या, ही बातमी तेव्हा बऱ्याच जणांनी वाचली असेल. त्यातल्या २९ कागदावरच्या आणि देवनागरीतल्या आहेत, उरलेली एक मात्र भूर्जपत्रावर आणि काश्मीरकडच्या शारदा लिपीत. आता पुण्यात कोणी शारदा लिहीत नव्हतं, सह्याद्रीत भूर्जाचं झाडही उगवत नाही, मग ही पोथी इथे आली कशी? तिचा नंबर आहे ५/१८७५-७६. म्हणजे १८७५-७६ या सरकारी वर्षात जमा झालेल्या पोथ्यांमधली पाचव्या नंबरची. त्या एका वर्षात काश्मीरमध्ये काय घडलं, कोणी पोथी विकली, कोणी नाही म्हटलं, काय पुण्यात राहिलं आणि काय जर्मनीला गेलं हे सगळं एकत्र ठेवून बघितलं की मोठमोठे संग्रह मध्ययुगीन हस्तलिखितं जमवतात तरी कसे हे बऱ्यापैकी कळतं, म्हणून हेच प्रकरण घेतलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोथी किती जुनी, किती दुर्मिळ याचीच चर्चा आपल्याकडे फार होते, पण ती कोणाच्या घरातून आणि कोणत्या बोलीवर बाहेर पडली हे तितकंच महत्त्वाचं असतं, आणि नेमकी तीच माहिती सगळ्यात आधी हरवते.

सरकारला पोथ्या कशाला हव्या होत्या

१८६६ मध्ये मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितं गोळा करायचं काम सुरू केलं. १८६८ मध्ये लाहोरच्या पंडित राधाकृष्णांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून देशभरच्या पोथ्यांच्या याद्या व्हाव्यात असं सुचवलं, व्हिटली स्टोक्स या अधिकाऱ्याने त्यावर योजना आखली आणि मग हिंदुस्थान सरकारचा पैसाही त्यात आला. ही सूचना एका देशी पंडिताकडून आली होती हे मुद्दाम सांगतोय, कारण हा सगळा उद्योग फक्त साहेबांच्या डोक्यातून निघाला असं सरसकट सांगितलं जातं आणि ते अर्धवट आहे.

मुंबई इलाख्यात हे काम ज्यांच्यावर पडलं ते पूर्णवेळ ग्रंथपाल वगैरे नव्हते, सरकारी शिक्षण खात्यातले लोक होते. गेऑर्ग ब्यूलर हा जर्मन संस्कृत अभ्यासक १८६३ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर म्हणून आला आणि पुढे गुजरातकडच्या भागाचा एज्युकेशनल इन्स्पेक्टर झाला. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून डेक्कन कॉलेजात होता. नंतर याच कामात पीटर पीटरसन आले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. (भांडारकर आणि ब्यूलर दोघंही १८३७ च्या जुलैतलेच, एक मालवणचा आणि एक हॅनोव्हरकडचा.)

कामाची पद्धत साधारण अशी की नोकरीच्या फिरतीत किंवा खास दौरा काढून गावोगावच्या शास्त्र्यांची घरं, मठ, जैन भांडारं बघायची, याद्या करायच्या, विकाऊ असेल ते विकत घ्यायचं, विकाऊ नसेल त्याची लेखनिक बसवून नक्कल करून घ्यायची आणि वर्षाच्या शेवटी सरकारला रिपोर्ट द्यायचा. शिवाय जागोजागी माणसं असायची. सुरतचे भगवानदास केवळदास हे त्यातलं मोठं नाव, कुठल्या घरात काय आहे आणि कोण द्यायला तयार आहे हे या माणसाला माहीत असायचं. गोऱ्या विद्वानांची नावं मुखपृष्ठावर गेली पण भगवानदासांसारख्या माणसाशिवाय यातल्या कितीतरी पोथ्या हाती लागल्या नसत्या असं माझं ठाम मत आहे.

आधी जैसलमेर

ब्यूलर १८७५ मध्ये काश्मीरला गेला, त्याच्या आधी, १८७४ च्या जानेवारीत तो जैसलमेरला गेला होता, सोबत तरुण जर्मन अभ्यासक हेर्मान याकोबी. तिथलं प्रसिद्ध जैन ताडपत्र भांडार समाजाच्या पंचांच्या ताब्यात, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय दार उघडणार नाही असा कारभार. विक्रीचा तर प्रश्नच नव्हता. तिथे त्यांना बिल्हणाचं विक्रमांकदेवचरित सापडलं. बिल्हण काश्मीरचा कवी, फिरत फिरत दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्य दरबारी आला (आत्ताचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात), सहाव्या विक्रमादित्याने त्याला आश्रय दिला आणि त्याने राजावर १८ सर्गांचं काव्य लिहिलं, ज्याच्या शेवटच्या सर्गात त्याने स्वतःच्या गावाची, घराण्याची आणि भटकंतीची हकिकत सांगितलीय. आपल्या मराठवाडा-सोलापूरच्या भागावर राज्य करणाऱ्या राजाचं चरित्र, काश्मिरी माणसाने लिहिलेलं, राजस्थानातल्या जैनांनी सांभाळलेलं. मूळ पोथी मिळणार नव्हती म्हणून ब्यूलर आणि याकोबीने बसून सात दिवसांत ती हाताने उतरवून काढली आणि १८७५ मध्ये ब्यूलरने मुंबईतून ती छापलीसुद्धा.

मूळ पोथी जिथे होती तिथेच राहिली आणि तरी काव्य जगाला मिळालं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

श्रीनगर, १८७५

काश्मीरला जायचं म्हणजे तेव्हा महाराजा रणबीरसिंगांच्या राज्यात जायचं. महाराज स्वतः संस्कृतचे मोठे आश्रयदाते, जम्मूत त्यांनी रघुनाथ मंदिराचा पोथीसंग्रह उभा केलेला, त्यामुळे दरबाराची मदत मिळाली. पण पंडितांच्या घरात शिरायला नुसती दरबाराची चिठ्ठी पुरली नसती. ब्यूलर संस्कृतमध्ये बोलू शकायचा आणि शास्त्र्यांशी शास्त्राच्या भाषेत चर्चा करू शकायचा, हे त्याचं खरं भांडवल. ज्याला आपल्या पोथीत काय लिहिलंय ते कळतं अशा माणसासमोर पोथी उघडायला मालक तयार होतो, हे आजही तितकंच खरं आहे.

तिथे त्याने जे बघितलं ते त्याच्या १८७७ मध्ये छापलेल्या रिपोर्टात आहे, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलचा जादा अंक म्हणून तो निघाला. नुसती पोथ्यांची यादी देऊन तो थांबत नाही, काश्मिरी पंडित पोथी बनवतात कशी, वापरतात कशी, खराब होते कशी हे सगळं त्यात येतं. भूर्जपत्र म्हणजे हिमालयातल्या भूर्ज झाडाची आतली साल, पातळ पापुद्र्यांची. शाई करायची पद्धत त्याने लिहून ठेवलीय: बदाम जाळून त्यांचा कोळसा करायचा आणि तो गोमूत्रात उकळायचा. ही शाई पाण्याने जात नाही. इतकी पक्की की पंडित लोक मळलेली भूर्जपोथी सरळ पाण्यात धुवायचे! आपण कागदी पोथीला ओलसर हातही लावत नाही, आणि तिथे पोथी धुऊन स्वच्छ करणं ही नेहमीची गोष्ट होती.

मग पोथ्या खराब कशाने व्हायच्या, तर बांधणीने. आपल्याकडे पोथी म्हणजे आडवी सुटी पानं, वर-खाली फळ्या आणि रुमालात बांधलेली. काश्मीरमध्ये भूर्जपत्रं उभ्या पुस्तकासारखी शिवून चामड्याच्या वेष्टनात बांधायचे, आणि भूर्ज सुकलं की ठिसूळ होतं, त्यामुळे चामड्याच्या घर्षणाने पानांच्या कडा झिजायच्या, पहिली आणि शेवटची पानं तर सगळ्यात आधी सुटून जायची. आणि शेवटच्या पानावरच असते पुष्पिका, म्हणजे ही पोथी कोणी, कोणासाठी, कोणत्या साली, कुठे लिहिली ते सांगणारा मजकूर. म्हणजे मधला ग्रंथ शिल्लक आणि पोथीची ओळख तेवढी गेलेली, अशी स्थिती कितीतरी भूर्जपोथ्यांची आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट, कारण हे नुकसान कोणी केलं नाही, ते नुसत्या रोजच्या वापरातून झालं.

या दौऱ्यात जे हाती आलं ते बघून त्या वेळच्या अभ्यासकांना काय वाटलं असेल! स्वरांच्या खुणांसह ऋग्वेदाची ती भूर्जपोथी, जिच्यात नेहमीच्या संहितेबाहेरची खिलसूक्तंही होती, आणि याच पोथीच्या आधाराने पुढे १९०६ मध्ये शेफ्टेलोविट्झ या अभ्यासकाने खिलांची आवृत्ती काढली. आनंदवर्धनाचा ध्वन्यालोक आणि त्यावरची अभिनवगुप्ताची लोचन टीका, क्षेमेंद्राचे ग्रंथ, नीलमतपुराण, काश्मिरी शैवांचे स्पंद आणि प्रत्यभिज्ञा परंपरेचे ग्रंथ. आज कुठल्याही कॉलेजात भारतीय काव्यशास्त्र शिकवताना ध्वन्यालोकातला ध्वनिसिद्धांत हा मुख्य धडा असतो, पण हा ग्रंथ छापील स्वरूपात काव्यमाला या ग्रंथमालेत मुंबईहून निघाला तो १८९१ मध्ये, त्याआधी तो हस्तलिखितांतच होता.

आणि महाभारताची एक तुटकी भूर्जपोथी. तिच्याकडे नंतर येतो.

ज्याने नाही म्हटलं तो माणूस

प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा माणूस म्हणजे श्रीनगरचे पंडित केशवराम. त्यांच्याकडे कल्हणाच्या राजतरंगिणीची शारदा पोथी होती. राजतरंगिणी म्हणजे ११४८-४९ मध्ये लिहिलेला काश्मीरच्या राजांचा इतिहास, तो आधी १८३५ मध्ये कलकत्त्याला छापला गेला होता पण पाठ फार अशुद्ध, कारण शारदेतून देवनागरीत उतरवताना अक्षरांची गफलत झालेली. ब्यूलरने शोध घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की फिरत असलेल्या सगळ्या प्रतींचं मूळ ही केशवरामांच्या घरातलीच पोथी आहे. साहजिकच त्याला ती हवी होती.

केशवरामांनी ती दिली नाही. नीट, सावकाश, ओळन् ओळ ताडून बघता येईल इतकी ती ब्यूलरच्या हातात राहिली नाही. समोर सरकारी अधिकारी, मागे महाराजांच्या दरबाराचा पाठिंबा, खरेदीला पैसा तयार, आणि तरी या पंडिताने घरातली पोथी सोडली नाही. याला काही लोक हटवादीपणा म्हणतील, विद्येच्या आड येणं म्हणतील. मला तसं वाटत नाही. ज्या घराने ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली त्या घराला नाही म्हणायचा हक्क होताच, आणि तो वापरता आला याचा अर्थ बाकीच्या घरांनी पोथ्या दिल्या तेव्हा निदान काहींनी तरी स्वखुशीने दिल्या असाव्यात. सगळ्यांनीच स्वखुशीने दिल्या असं मी म्हणणार नाही, गरज आणि दबाव दोन्ही होतेच. सरकारी माणूस दारात उभा असताना गरीब घराचा होकार हा पूर्ण होकार असतो का, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक मोठ्या संग्रहाला लागू आहे, काश्मीर त्याला अपवाद नाही.

पण नकाराची दुसरी बाजूही आहे. केशवराम वारल्यावर वारसांनी इस्टेटीसारखी पोथीची वाटणी केली, तिचे तीन भाग होऊन तिघांकडे गेले. ग्रंथ एक, भाग तीन, घरं वेगळी. १८८९ मध्ये ऑरेल स्टाइन या संस्कृत अभ्यासकाने खटपट करून, तिथल्या वजनदार पंडितांना मध्ये घालून, तिन्ही भाग उसने मिळवले आणि त्यावरून १८९२ मध्ये मुंबईतून शुद्ध आवृत्ती छापली, १९०० मध्ये इंग्रजी भाषांतर आलं. म्हणजे विक्री झालीच नाही, १४ वर्षं उशीर झाला, वाटणीत पोथीची फाटाफूट झाली, पण शेवटी उसनवारीवर काम झालं. स्टाइन चार-पाच वर्षं उशिरा पोचला असता तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

इथे अजून एक गोष्ट विचारात घ्यायला पाहिजे. ब्यूलरच्या दौऱ्यानंतर दोनच वर्षांनी काश्मीरमध्ये भयंकर दुष्काळ पडला, १८७७ ते ७९. घरंच्या घरं उठली. जी पोथी १८७५ मध्ये पुण्याला निघून आली होती ती त्या दुष्काळातून सुटली, जी तिथे होती तिच्या नशिबात काय आलं ते त्या त्या घरावर अवलंबून होतं. यावरून खरेदी बरोबरच होती असा निष्कर्ष मी काढत नाही, पण नुसतं "लुटून नेलं" म्हणून विषय संपवणाऱ्यांनी हा दुष्काळही हिशोबात धरावा.

त्याच वेळी ट्युबिंगेन

आता तुलना बघा. त्याच काश्मीरमधून, त्याच दोन-तीन वर्षांत आणखी एक भूर्जपोथी बाहेर गेली, अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची. जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे वेदांचे अभ्यासक रुडोल्फ रॉथ यांना अशी पोथी काश्मीरमध्ये असावी असा अंदाज होता, त्यांनी ब्रिटिश अधिकारी विल्यम म्यूर यांच्यामार्फत विनंती पोचवली, महाराजा रणबीरसिंगांनी शोध घ्यायला लावला, पोथी मिळाली. आधी नक्कल गेली, १८७५ मध्ये रॉथनी त्यावर निबंध लिहिला आणि १८७६ मध्ये मूळ भूर्जपोथी त्यांच्याकडे पोचली. आज ती ट्युबिंगेन विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे.

इथे खरेदी नाही, ही राजाने दिलेली भेट. ज्या घरात ती वाचली जात होती त्या घराचा सौदा नाही, वरच्या वर दोन सत्तांमधली देवाणघेवाण. रॉथनंतर १९०१ मध्ये मॉरिस ब्लूमफिल्ड आणि रिचर्ड गार्बे यांनी पोथीच्या प्रत्येक पानाचा फोटो छापून मोठे खंड काढले, म्हणजे आज आपण ज्याला डिजिटायझेशन म्हणतो त्याचा त्या काळचा अवतार, आणि त्यामुळे हिंदुस्थानातल्या अभ्यासकालाही ती बघता आली. ही गोष्ट जर्मन लोकांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. पण मूळ पोथी परत यायचा मार्ग त्या भेटीबरोबरच बंद झाला हेही तितकंच खरं.

बर्लिनची गोष्ट अजून वेगळी. ब्यूलरला सरकारची परवानगी होती की एकाच ग्रंथाच्या जादा प्रती मिळाल्या तर युरोपातल्या लायब्ऱ्यांसाठी घ्यायच्या. या वाटेने १८७० च्या दशकात गुजरात-राजस्थानातली शेकडो जैन हस्तलिखितं बर्लिनच्या रॉयल लायब्ररीत गेली, आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन अभ्यासकाने ती वाचून जैन आगमांवर, म्हणजे जैनांच्या धर्मग्रंथांवर, मोठं काम केलं, आणि युरोपात जैन विद्येचा अभ्यास पक्का उभा राहिला तो या पोथ्यांच्या जोरावर. भगवानदासांमार्फत केंब्रिजलाही पोथ्या गेल्या. ब्यूलरचा स्वतःचा संग्रह, ३२१ पोथ्या, त्याने १८८८ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसला दिला.

"जादा प्रत" हा शब्दप्रयोग मला खटकतो. छापील पुस्तकाची दुसरी प्रत जादा असते. हाताने लिहिलेल्या पोथीची दुसरी प्रत जादा कशी? तिचा लेखनिक वेगळा, साल वेगळं, चुका वेगळ्या, समासातल्या टिपा वेगळ्या. एकाच ग्रंथाच्या दहा पोथ्या समोर असल्याशिवाय पाठ ठरवता येत नाही, ब्यूलरसारख्या माणसाला हे माहीत नसेल असं होणारच नाही, तरी सरकारी खर्चाच्या हिशोबात तो नियम बसत होता म्हणून चालला. आणि आजही संस्थांमध्ये "आमच्याकडे हा ग्रंथ आहे, तुमची पोथी नको" असं सांगून लोकांना परत पाठवलं जातं, ते याच विचाराने.

पुण्यात काय झालं

सरकारी संग्रह आधी एल्फिन्स्टन कॉलेजात होता, मग नीट जतन व्हावा म्हणून डेक्कन कॉलेजात आला. ६ जुलै १९१७ ला, रामकृष्णपंतांच्या ८० व्या वाढदिवशी भांडारकर संस्था सुरू झाली आणि १ एप्रिल १९१८ ला हा सगळा संग्रह सरकारने संस्थेच्या ताब्यात दिला. १७,८७७ पोथ्या. पहिले क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे, त्यांनी संग्रह वाढवला आणि आयुष्य त्यात घातलं, संस्थेच्या स्वतःच्या पोथ्या धरल्या तर आता एकूण आकडा २८ हजारांच्या वर जातो.

सरकारी संग्रहाच्या पोथ्यांचे नंबर बदलले नाहीत हे फार शहाणपणाचं झालं. "५/१८७५-७६" असा नंबर दिसला की लगेच कळतं की ही काश्मीर दौऱ्याच्या वर्षातली पोथी, मग त्या वर्षाचा रिपोर्ट उघडायचा. जगात कितीतरी लायब्ऱ्यांनी पोथ्या विषयवार लावल्या, नवे नंबर दिले आणि कुठली पोथी कोणत्या खेपेत आली हा धागा तोडून टाकला. इथे तो टिकला. पण धागा वर्षापर्यंत आणि गोळा करणाऱ्यापर्यंतच पोचतो, नंबरावरून घर कळत नाही. ऋग्वेदाची ती पोथी श्रीनगरच्या कोणत्या मोहल्ल्यातून, कोणत्या कुटुंबातून आली, ते तिचं पठण करायचे की ती नुसती कोनाड्यात होती, हे त्या आकड्यात नाही.

आता ती महाभारताची तुटकी भूर्जपोथी. १९१९ पासून संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम हाती घेतलं, १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर मुख्य संपादक. देशभरच्या लिप्यांतल्या पोथ्या गोळा करून ताडून बघायच्या, ओळ न् ओळ, कोणता पाठ जुना ते ठरवायचं. या पोथ्यांमध्ये शारदा लिपीतली जी भूर्जपोथी होती ती ब्यूलरने १८७५ मध्ये घेतलेली, आदिपर्वही सलग नाही, पानं गहाळ. तरी सुखटणकरांनी तिला फार मोठं स्थान दिलं, कारण काश्मीरकडच्या परंपरेत नंतरची भर कमी पडली होती, मजकूर आटोपशीर राहिला होता, आणि त्या परंपरेचा अस्सल शारदा पुरावा म्हणून तीच हातात होती. आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाला, संपूर्ण आवृत्ती १९६६ मध्ये.

म्हणजे बघा, १८७५ मध्ये एका इन्स्पेक्टरने तुटकी, पानं नसलेली, दिसायला काहीच नसलेली पोथी विकत घेतली. चित्रं नाहीत, सोनेरी शाई नाही. संग्रह नुसता सुंदर वस्तूंच्या मागे असता तर ही पोथी सहज सोडून दिली गेली असती. पन्नास वर्षांनी तिच्यावाचून काम अडलं असतं. चांगला संग्राहक आणि श्रीमंत संग्राहक यातला फरक मला इथे दिसतो.

"आपल्याकडे सुरक्षित नाही" या म्हणण्याबद्दल

हे प्रकरण कुठेही मांडलं की कोणीतरी म्हणतंच, बाहेर गेल्या तेच बरं झालं, आपल्याकडे काय अवस्था झाली असती. आणि ५ जानेवारी २००४ ला भांडारकरवर जमाव चालून गेला, कपाटं फोडली, पोथ्या-पुस्तकांची नासधूस केली हे आठवलं की उत्तर द्यायला तोंड उघडत नाही, त्या दिवसाची लाज मला आजही वाटते. पण दुसरीकडे बघा, बर्लिनच्या लायब्ररीचे संग्रह दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने ठिकठिकाणी हलवावे लागले, काही भाग पोलंडमध्ये क्राकोला राहिला तो अजून तिथेच आहे. सुरक्षित जागा म्हणून कुठली कायमची नसते. आणि जैसलमेरचं भांडार, जिथल्या पोथ्या विकायला नव्हत्याच, ते आजही जैसलमेरमध्येच आहे. १९५० मध्ये मुनी पुण्यविजयजी तिथे जाऊन राहिले, एकेक ताडपत्र लावून घेतलं, फोटो काढवले, सूची केली. ज्या समाजाच्या पोथ्या त्याच समाजातल्या साधूने, तिथल्या तिथे. संग्रह म्हणजे पोथी उचलून मोठ्या शहरात नेणं एवढाच अर्थ होत नाही हे याहून चांगलं कशाने दाखवता येईल?

माझ्या मते जैसलमेरचा मार्ग सगळ्यात बरा, पण तो तिथेच चालतो जिथे सांभाळणारा समाज धड आहे आणि पुढची पिढी त्यात आहे. जिथे घर मोडतंय, मुलं बाहेरगावी, वाचणारं कोणी नाही, तिथे संस्थेकडे देणंच योग्य, आणि वाटणी व्हायच्या आधी.

आजचा व्यवहार

कायदा आता बदललाय. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनं, शास्त्रीय, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोल असलेलं हस्तलिखित हे पुरावशेषात येतं आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. २००३ पासून राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने देशभर नोंदणी सुरू केली, २०२५ च्या बजेटमध्ये ज्ञान भारतम मिशन जाहीर झालं. ब्यूलरच्या वेळची "जादा प्रत" आता बर्लिनला जाणार नाही.

पण महाराष्ट्रात अजूनही जुन्या वाड्यांमधून बाडंच्या बाडं निघतात, देवनागरी पोथ्या, मोडी दप्तरं, कीर्तनकारांच्या वह्या, आणि घर विकायच्या घाईत ती रद्दीत जातात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात. दुकानदार चित्र असलेलं पान वेगळं काढून विकतो कारण फ्रेम करायला तेच लागतं. द्यायला जागा आहेत, पुण्यात भांडारकर, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि आनंदाश्रम, धुळ्याला राजवाडे मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, मुंबईला एशियाटिक. जाताना काय करायचं तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवून पोथ्या कुठून आल्या ते विचारायचं आणि कागदावर उतरवायचं: कोणाचं घराणं, मूळ गाव, कशाचं पठण करायचे, कोण लिहायचं, कुठल्या नातेवाइकाकडे बाकीचा भाग गेला. रुमाल आणि फळ्या टाकून देऊ नका, रुमालावर किंवा फळीवर पुष्कळदा नाव किंवा साल लिहिलेलं असतं. बाडातली पानं स्वतःच्या अकलेने लावू नका, ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने ठेवा, कारण कुठली पोथी कुठल्या पोथीसोबत बांधलेली होती हीसुद्धा माहिती आहे. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवा, पुष्पिका असेल तर तिचा वेगळा. संस्थेकडून पोच घ्या, त्यात पोथीनिहाय पानांची संख्या असू द्या, आणि घराण्याचं नाव आणि गाव त्यांच्या रजिस्टरमध्ये पोथीच्या नंबरासमोरच लिहून घ्या, वेगळ्या आभाराच्या फाइलमध्ये नको, कारण फाइल आणि पोथी ही जोडी फार वर्षं एकत्र राहत नाही.